घासणीने ओरखडलेले चाक

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी गाड्या धुतल्या जातात. टप, काचा, बॉनेट होईपर्यंत हात व्यवस्थित चालतो. चाकांची पाळी आली की उकिडवे बसावे लागते आणि आऱ्यांच्या खाचांत बसलेली काळी पूड शांपूने हलत नाही. अशा वेळी कोणीतरी ओट्यावरची हिरवी घासणी आणून देते. पूड निघते, ओले चाक चकचकीत दिसते, सगळे खूश होतात. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घालताना सकाळचे तिरपे ऊन चाकावर पडते आणि आऱ्यांवर पांढुरक्या ओरखड्यांचे जाळे उमटलेले दिसते.

यातले बरेचसे ओरखडे घरी घालवता येतात. पण लगेच दुकानातून पॉलिश आणून घासायला बसू नये. ओरखडा ‘पुसणे’ असे काही नसतेच. एकतर त्याच्या आजूबाजूचा थर झिजवून त्याच्या तळापर्यंत उतरायचे, नाहीतर वरून नवा थर चढवायचा. पहिला मार्ग स्वस्त आणि सोपा आहे, पण झिजवायला जो थर आहे तो फार थोडा असतो आणि एकदा संपला की संपला. म्हणून आधी चाकावर काय काय आहे ते पाहू.

गाडीचे अलॉय चाक हे शुद्ध ॲल्युमिनियम नव्हे. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूंपैकी एक म्हणजे ए३५६. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहून कमी मॅग्नेशियम असते. ओतल्यावर चाक ५४० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात आणि मग दीडशेच्या पुढच्या तापमानाला काही तास ठेवून त्याला मजबुती आणतात. त्यानंतर रंगकाम. आधी धातूवर रासायनिक प्रक्रिया, त्यावर प्रायमर, त्यावर चंदेरी किंवा राखाडी रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला गॅरेजवाले क्लिअर किंवा लॅकर म्हणतात. हा क्लिअर साधारण ३० ते ६० मायक्रॉनचा असतो. १००० मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो आणि डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आगेमागे भरतो. म्हणजे आपले सगळे भांडवल एका केसाच्या जाडीपेक्षाही कमी.

ॲल्युमिनियमची चाके गाजली ती शर्यतीच्या गाड्यांमुळे. १९२४ साली फ्रान्समधल्या लियाँच्या ग्रां प्रीत बुगाटीची ‘टाइप ३५’ उतरली, तिला आठ चपट्या आऱ्यांची ओतीव ॲल्युमिनियमची चाके होती आणि ब्रेकचा ड्रम त्या चाकातच ओतलेला होता. वजन कमी आणि ब्रेकची उष्णता बाहेर टाकायला मदत, हा त्यामागचा हिशेब. दिखाऊपणा नंतर आला. आज मात्र लोक अलॉय घेतात ते मुख्यतः दिसण्यासाठी, म्हणून त्यावरचा ओरखडा जिवाला लागतो.

आता घासणी. तिच्या नायलॉनच्या धाग्यांवर अपघर्षक कण चिकटवलेले असतात आणि ते बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. हेच कुरुंद, माणिक आणि नीलम ही त्याचीच रत्नरूपे. कठीणपणाच्या मोह्ज मापावर हिरा १०, तर कुरुंद ९. समोर क्लिअर म्हणजे कडक झालेला प्लास्टिकसारखा राळेचा थर. तो टिकणार कसा! स्टीलच्या तारेची घासणी आणखी एक काम वाढवून ठेवते. तिचे तुटलेले बारीक तुकडे खाचांत अडकतात आणि पहिल्या पावसात तिथे तांबूस ठिपके येतात. धुण्याच्या केंद्रांवर मडगार्डाच्या आतला चिखल काढायचा ब्रश तसाच चाकावर फिरवतात, तोही वाळूने भरलेला असतो.

काळी पूड म्हणजे ब्रेकची झीज. बिडाची डिस्क आणि ब्रेक पॅड एकमेकांवर घासले की लोखंडाचे तापलेले कण उडतात आणि क्लिअरमध्ये रुततात, ओलाव्याने तिथेच गंजतात. पुढच्या ब्रेकवर जास्त भार येतो, म्हणून पुढची चाके मागच्यांपेक्षा काळी. हे कण नुसत्या साबणाने का निघत नाहीत ते यावरून कळेल. त्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा द्रव मिळतो. त्यातले थायोग्लायकोलेट लोखंडाशी जोडले गेले की जांभळा ओघळ येतो आणि गंधकासारखा उग्र वास सुटतो. घासणीऐवजी हा वापरला असता तर पुढचे सगळे टळले असते. दुरुस्तीच्या आधीही तो लागतोच, कारण लोखंडाचे कण तसेच ठेवून वर पॉलिश फिरवले तर प्रत्येक कण नवा चरा ओढत जातो.

दुरुस्तीच्या आधी आपले चाक कुठल्या जातीचे आहे ते बघा. पूर्ण रंगवलेले चाक सर्वांत सोपे. दुसरे डायमंड कट. त्याचा दर्शनी भाग लेथवर कापलेला असतो, जवळून पाहिले तर अगदी बारीक समकेंद्री रेषा दिसतात आणि त्या रेषांवर थेट क्लिअर असतो, रंग नसतो. इथे ओरखडा धातूपर्यंत गेला तर घरच्या डब्यातला चंदेरी रंग कधीही जुळत नाही. ते चाक पुन्हा लेथवरच न्यावे लागते, आणि दर वेळी धातूचा थोडा भाग जातो, म्हणून हे काम हव्या तितक्या वेळा करता येत नाही. आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या धुण्याच्या सवयींत डायमंड कट घेणे हा मला हौसेचा महागडा प्रकार वाटतो. कोकणपट्टीत तर जास्तच. क्लिअरला एक बारीक चीर पडली की खारी दमट हवा आत शिरते आणि थराखाली पांढऱ्या अळ्या फिरल्यासारख्या रेषा पसरत जातात. हा ॲल्युमिनियमचा गंज. तो वरून पॉलिशने जात नाही.

तिसरे, क्रोम केलेले चाक. शोभेच्या क्रोमचा सर्वांत वरचा थर बहुतेकदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि खाली निकेल असते. त्यावर पॉलिश पेपर लावायचा विचारही करू नका. आणि तुमच्या गाडीला स्टीलचे चाक व वर प्लास्टिकची व्हील कॅप असेल तर एवढे वाचण्याची गरजच नाही. ओरखडलेली कॅप बदलणे हाच तिचा इलाज.

रंगवलेल्या चाकावरच्या ओरखड्याची खोली ओळखायच्या दोन चाचण्या आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. चाक धुऊन कोरडे करा आणि ओरखड्यांवर पाण्याचा हात फिरवा. पाणी असेपर्यंत ओरखडा दिसेनासा झाला आणि सुकल्यावर परत आला, तर तो क्लिअरमध्येच आहे. याचे कारण प्रकाशात आहे. चऱ्याच्या खडबडीत भिंतींवर आदळून प्रकाश वाटेल तिकडे विखुरतो, म्हणून पारदर्शक थरातला चरा पांढरा दिसतो. पाणी त्या खाचेत भरले की प्रकाश वाकवण्यात हवेपेक्षा क्लिअरच्या जवळ जाणारा पदार्थ तिथे येतो, विखुरणे कमी होते आणि रेघ लपते. घासणीचे काम संध्याकाळी चांगले का वाटले होते, तेही यात आले. दुसरी चाचणी नखाची. नख ओरखड्यावरून आडवे हलके ओढा. ते न अडखळता गेले तर पॉलिशने भागेल. किंचित अडखळले तर पॉलिश पेपरपर्यंत जावे लागेल. नख ठाम अडकले किंवा खाली वेगळा रंग किंवा धातूची चमक दिसली, तर झिजवण्यात अर्थ नाही, भरावे लागेल.

एकाच चाकावर ओरखड्यांचे हे तिन्ही प्रकार सापडतात. घासणीचा जोर आऱ्यांच्या कडांवर जास्त पडतो, आणि नेमका कडांवरच रंगाचा थर पातळ असतो. म्हणून सपाट भागात जे चालते ते कडेवर चालेलच असे धरून चालू नये.

पॉलिशचे काम सावलीत आणि गार चाकावर करायचे. घाट उतरून आलेल्या गाडीची चाके तासभर तरी तशीच राहू द्या, तापलेल्या चाकावर कुठलाही द्रव लगेच सुकून डाग पाडतो. दोन बादल्या घ्या, एकीत शांपूचे पाणी, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. चाकाचे फडके आणि गाडीच्या अंगाचे फडके वेगळे ठेवा. आयर्न रिमूव्हर, भरपूर पाणी, मग कोरडे मायक्रोफायबर. त्यानंतर फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे बारीक पॉलिश घेऊन तळहाताएवढ्याच जागेवर काम करा.

रंगाच्या दुकानात मागितले तर पुष्कळदा जाड रबिंग कंपाउंड हातात येते. त्याचे कण मोठे असतात. ते मोठे चरे घालवते आणि स्वतःचे बारीक चरे मागे ठेवते, म्हणून त्याच्यानंतर फाइन पॉलिश लागतेच. माझे मत असे की, सुरुवात फाइन पॉलिशने करून बघावी. तेवढ्याने भागले तर क्लिअर वाचला. नाही भागले तरच कंपाउंडकडे वळायचे. आऱ्यांच्या आतल्या बाजूला बोटाला गुंडाळलेले कापड पुरते. ड्रिलला लावायचे फोमचे गोळे मिळतात, पण ते कमी वेगात आणि सतत हलते ठेवावे लागतात. एका जागी थांबले की क्लिअर तापून जळतो.

दर दोन-तीन फेऱ्यांनी पुसून पाहायचे, आणि पुसायचे ते पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पॉलिशमधले तेल आणि वॅक्स खाचांत भरून ओरखडे लपवतात, अल्कोहोल तो भराव काढून टाकते आणि खरी स्थिती दाखवते. ‘स्क्रॅच रिमूव्हर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक ट्यूबांचा चमत्कार याच भरावावर चालतो. दोन धुण्यांनंतर ओरखडे परत येतात आणि दुकानदार म्हणतो, पुन्हा लावा.

नख किंचित अडखळणाऱ्या चऱ्यांसाठी पाण्यात भिजवून वापरायचा काळा पॉलिश पेपर. त्यावरचा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. ८०० नंबरच्या कागदाचा सरासरी दाणा साधारण २२ मायक्रॉनचा, २००० नंबरचा साधारण १० मायक्रॉनचा. दाणा आपल्या पूर्ण आकाराइतका रुतत नाही हे खरे. तरी ३०-४० मायक्रॉनच्या थरावर ८०० चालवणे किती धाडसाचे आहे, ते या आकड्यांतून दिसते. इथे २००० पासून सुरू करायचे आणि ३००० वर संपवायचे. कागद पाव तास पाण्यात भिजू द्या, पाण्यात शांपूचा थेंब टाका. सपाट भागात कागदाखाली खोडरबर धरले तर दाब सारखा पडतो, नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या आकाराचे पन्हाळे पडतात. जुन्या चऱ्यांना आडवे घासा, म्हणजे जुने कुठले आणि आपण पाडलेले कुठले हे वेगळे दिसते.

घासताना जे दुधाळ पाणी निघते त्याच्यावर डोळा ठेवा. पांढरे आहे तोवर क्लिअर झिजतो आहे. त्यात चंदेरी किंवा राखाडी छटा उतरली की तिथेच हात थांबवायचा, तुम्ही रंगापर्यंत पोहोचलात. एखादा चरा शेवटपर्यंत गेला नाही तर राहू द्या. त्याच्या कडा गोलसर झाल्या की प्रकाश कमी विखुरतो आणि उभ्याने पाहताना तो जवळजवळ दिसत नाही. नंतर सगळा भाग धुरकट दिसेल, घाबरू नका, आता कंपाउंड आणि मग फाइन पॉलिश त्याला चमक परत आणतात.

धातू उघडा पडला असेल तर काम रंगाऱ्याचे होते. हौस असेल तर घरीही होते, मात्र चाक गाडीवरून उतरवून. गाडी सपाट जागी, हँडब्रेक वर, गिअरमध्ये, तिरप्या विरुद्ध बाजूच्या चाकाला दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करायचे आणि मग जॅक लावायचा. जॅकवरच्या गाडीखाली डोके, हात काहीही घालायचे नाही.

उघड्या पडलेल्या जागेच्या कडा आधी ४०० आणि मग ८०० नंबरने घासून हळूहळू उतरत्या करायच्या, नाहीतर नव्या रंगाखाली जुन्या थराची पायरी कायम दिसते. ॲल्युमिनियम उघडे पडताच त्यावर ऑक्साइडचा अदृश्य थर धरतो आणि साधा रंग त्यावर नीट पकड घेत नाही. म्हणून एच प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर हवे. फुटपाथला घासून काठावर खड्डे पडले असतील तर हार्डनर मिसळलेली पुट्टी, ज्याला रंगारी लांबी म्हणतात, ती पातळ थरांत भरता येते. पण फक्त दर्शनी भागावर. टायर जिथे रिमला टेकतो त्या पट्ट्यावर पुट्टीही नको आणि रंगाचे जाड थरही नकोत, हवा गळायला लागते.

टायर झाकायला रंगारी एक जुनी युक्ती वापरतात. टायरची हवा थोडी कमी करून रिम आणि टायर यांच्या फटीत पत्त्यांच्या जुन्या कॅटातली पाने शेजारी शेजारी खोचत जायचे. मास्किंग टेपपेक्षा हे झटपट होते आणि कड स्वच्छ येते. नटांची भोके आणि चाकाच्या मागचा, हबला टेकणारा भाग मात्र टेपने पक्का बंद करा. तिथे रंग बसला तर नट आवळताना रंगावर आवळले जातात, गाडी चालता चालता तो रंग दबतो, आणि नट सैल पडतात. सौंदर्याच्या नादात ही चूक घडते आणि हिची किंमत ओरखड्यापेक्षा फार मोठी आहे.

मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या असतात आणि त्या कशा आडव्या पडतात यावर छटा ठरते. डबा जवळ धरून ओला थर मारला तर रंग गडद येतो, लांबून मारला तर फिका आणि खरखरीत. २० ते २५ सेंटिमीटर अंतर, हात चाकाच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवायचा, आणि जाड एका थराऐवजी पातळ तीन. आधी पुठ्ठ्यावर मारून सुकल्यावर चाकाशेजारी धरून बघा. छटा अगदी जुळली नाही तर फक्त डागावर न थांबता पूर्ण आरा रंगवा. आऱ्याच्या कडेला छटा बदलली तर कोणाच्या लक्षात येत नाही, मधेच बदलली तर लगेच येते.

वर क्लिअर. साध्या डब्यातला क्लिअर पेट्रोल किंवा थिनर लागले की मऊ पडतो. हार्डनरवाला दोन घटकांचा टिकाऊ असतो, पण त्यात आयसोसायनेट असतात आणि ते फुप्फुसांना धोकादायक आहेत. कापडी किंवा साध्या धुळीच्या मास्कने ते अडत नाहीत. एवढ्यापुरते चाक रंगाऱ्याच्या बूथमध्ये नेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. पावसाळ्यात तर घरी फवारणी नकोच. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थर दुधाळ पडतो. दसऱ्यानंतरची कोरडी हवा याला चांगली. रंग तासाभरात हाताला कोरडा लागला तरी आतून कडक व्हायला आठवडा द्या, तोवर ब्रश आणि शांपू दूर.

एक प्रकार ओरखड्यांसारखा दिसतो पण ओरखडा नसतो. टाइल्सचे ॲसिड, शौचालयाचा क्लीनर किंवा कॉस्टिक सोडा असलेला जहाल द्रव चाकावर टाकला की क्लिअरवर ढगाळ, ओघळलेले डाग येतात. ॲल्युमिनियमला संरक्षण देणारा ऑक्साइड आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही; सोड्यात उकळलेले ॲल्युमिनियमचे पातेले काळे पडते ते याचमुळे. डाग क्लिअरमध्येच असेल तर पॉलिशने फिका होतो. धातू खाल्ला गेला असेल तर रंगवणे हाच मार्ग. काही जोरकस व्हील क्लीनरांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. ते काचही खाते. त्वचेवर पडले तर दुखणे कधी कधी तासांनी सुरू होते, तोवर ते आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला धरते. असा द्रव अंगावर पडला तर दुखायची वाट न पाहता भरपूर पाण्याने धुवा, डबा सोबत घ्या आणि डॉक्टरकडे जा.

घासताना एखादी रेघ धुऊनही जात नाही, पॉलिशनेही नाही, आणि ती आऱ्याच्या मुळाशी किंवा रिमच्या काठापासून आत जाते आहे असे दिसले, तर ती तडा असू शकते. तड्यावर पुट्टी भरून रंग मारणे म्हणजे धोका झाकणे. चाक तापवून वाकवणारे आणि आऱ्याला वेल्डिंग करणारेही भेटतात. चाकाला मजबुती दीडशे-दोनशे अंशांच्या आसपास नेमक्या वेळात दिलेली असते, आणि ज्योतीखाली त्या भागाची ती मजबुती जाते. पावडर कोटिंगलाही १८० ते २०० अंशांची भट्टी लागते, म्हणून ते करणाऱ्याला तापमान आणि वेळ विचारून घ्या. तडा असेल तर चाक भंगारात.

चाक परत बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने झाडून टाका. नट हाताने फिरवत आत घ्या, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि शेवटचे आवळणे गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क पान्याने करा. किती टॉर्क ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. घासताना आतल्या बाजूचे चिकटवलेले बॅलन्सिंगचे वजन निघाले असेल तर चाक बॅलन्स करून घ्या, नाहीतर हायवेवर स्टिअरिंग थरथरेल. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा एकदा त्याच पान्याने तपासा.